उभ्या मोटरसायकलीतलं पेट्रोल: टाकी भरलेली, बाऊल रिकामा

काम असं: दोन मोटरसायकली सहा महिने न चालवता ठेवायच्या आणि नंतर पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत चालू झाल्या पाहिजेत. पहिली कार्ब्युरेटरवाली (बाऊल म्हणजे या कार्ब्युरेटरच्या तळाचा पेट्रोलचा छोटा पेला), एक सिलिंडर, १५ लिटरची पत्र्याची टाकी, हाताने फिरवायचा पेट्रोल कॉक. दुसरी इंजेक्शनवाली, १२ लिटरची टाकी, पंप टाकीच्या आत. जोडीला पहिल्या गाडीच्या मॉडेलचा एक सुटा कार्ब्युरेटर. तो मुद्दाम चुकीच्या पद्धतीने ठेवायचा आहे, तुलनेसाठी.

२ जून. पाहणी

पेट्रोलला हात लावण्याआधी पाणी कुठून आत शिरू शकतं ते पाहिलं. टाकीच्या तोंडाभोवती खोलगट वाटी असते. तिच्या तळाला एक बारीक भोक असतं आणि वाटीत पडलेलं पाणी त्या भोकातून, टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीने थेट जमिनीवर उतरतं. हे भोक धुळीने बुजलं की पाणी वाटीत तुंबतं आणि झाकणाच्या रबरावरून थेंबाथेंबाने टाकीत झिरपतं. झाकण घट्ट बसलेलं असूनही तळाशी पाणी सापडतं, ते पुष्कळदा यामुळेच.

पहिल्या गाडीचं भोक पूर्ण बुजलेलं निघालं. नायलॉनची जाड दोरी घालून मोकळं केलं, झाकण लावून वाटीत ५० मिली पाणी ओतलं. सगळं खालच्या नळीतून बाहेर आलं. झाकणाचं रबर दाबून चपटं झालं होतं, नवीन बसवलं.

टाकी ते कार्ब्युरेटर ही नळी बोटांत दुमडून पाहिली. बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा दिसल्या, म्हणून बदलली: आतला व्यास ६ मिमी, इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालेल असा शिक्का असलेली. साधी रबरी नळी अशा पेट्रोलात आधी फुगते, मग कडक होते, आणि तिचे काळे कण फ्लोट नीडलच्या (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) सीटवर जाऊन बसतात. दोन्ही टोकांना नवे क्लिप.

टाकीत डोकावण्यासाठी टॉर्च लांबूनच चालू करून आणला. टाकीच्या तोंडाशी कुठलाही स्विच दाबू नये. आत जुन्या पेट्रोलच्या पातळीच्या वर, छताच्या बाजूला हलकी तांबूस झाक होती. पातळीच्या खालचा पत्रा स्वच्छ. तळाला पाणी साचलेलं नसेल तर गंज पेट्रोल नसलेल्या भागालाच लागतो. ही एकच खूण पाहिली तरी टाकी अर्धवट भरलेली का ठेवू नये ते कळतं.

४ जून. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती

१०० मिलीची बुचाची मापननळी. १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून एक मिनिट हलवलं, मध्ये दोनदा बूच सैल करून दाब सोडला, मग दहा मिनिटं स्थिर ठेवलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, त्यामुळे ते खाली उतरतं आणि पाण्याचा थर वाढतो. खालचा थर १० वरून १८ मिलीवर गेला. म्हणजे ९० मिलीत किमान ८ मिली इथेनॉल, जवळपास ९ टक्के. थोडं इथेनॉल वरच्या थरात राहून जातं, तेव्हा खरा आकडा किंचित जास्त. पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉलचं, धरून पुढचं सगळं ठरवलं.

इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर साठवणीसाठी तेच घ्यावं. नसेल तरी काम अडत नाही, फक्त पाण्याबाबत जास्त काटेकोर राहावं लागतं. चाचणीतला पाणीमिश्रित भाग वेगळ्या डब्यात काढून ठेवला, तो परत टाकीत घालायचा नाही.

५ जून, सकाळ. पहिली गाडी: टाकी

टाकीत साधारण ३ लिटर जुनं पेट्रोल होतं, किती जुनं ते माहीत नाही. सगळं काढून टाकलं. स्टॅबिलायझर पेट्रोल आहे त्या अवस्थेत टिकवतो, बिघडलेलं सुधारत नाही. त्यात असतात ऑक्सिडेशन रोखणारी रसायनं आणि तांब्यासारख्या धातूंना निष्क्रिय करणारी रसायनं. पेट्रोलमधली ऑलेफिन नावाची संयुगं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन आधी पेरॉक्साइडं, मग डिंकासारखा चिकटा तयार होतो. ही साखळी सुरू व्हायच्या आत स्टॅबिलायझर पेट्रोलमध्ये असला पाहिजे. म्हणून तो पंपावरून आणलेल्या ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा, महिन्याभराने आठवण झाल्यावर नाही.

प्रमाण बाटलीवरचंच पाळलं: १० लिटरला २५ मिली. १५ लिटरसाठी ३७.५ मिली, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून. प्रमाण बाटलीगणिक खूप बदलतं, काही दाट प्रकारांत एवढ्याच पेट्रोलला याच्या चौथाईइतकंच लागतं. तेव्हा एका बाटलीचा आकडा दुसरीला लावू नये. दुप्पट टाकून दुप्पट महिने मिळत नाहीत.

क्रम: आधी ५ लिटर पेट्रोल, मग स्टॅबिलायझर, मग उरलेलं पेट्रोल. ओतण्याच्या धारेनेच ते ढवळलं जातं. शेवटी स्टॅबिलायझर टाकला तर तो मिसळायला गाडी हलवत बसावं लागतं.

भरायचं किती? तोंडाच्या आतल्या कडेच्या १५ मिमी खालपर्यंत. काठोकाठ नाही. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.०९५ टक्के फुगतं. सकाळच्या गारव्यात भरलेलं १५ लिटर २० अंशांनी तापलं तर जवळपास २८५ मिली वाढतं. तेवढी जागा ठेवली नाही तर ते झाकणातून रंगावर ओघळतं.

पण त्याहून जास्त रिकामंही ठेवायचं नाही, त्याचा हिशेब असा. अर्धी टाकी भरलेली असेल तर वर ७.५ लिटर हवा. दिवस-रात्रीत १५ अंशांचा फरक पडला तर ती हवा सुमारे ५ टक्के फुगते आणि आकसते. म्हणजे रोज जवळपास ३७५ मिली वाफाळलेली हवा बाहेर जाते आणि तेवढीच दमट हवा आत येते. भरलेल्या टाकीत वर ३०० मिलीच हवा असते, तिची ये-जा १५ मिली. श्वास पंचवीसपट लहान होतो. बाहेर जाणारी वाफ ब्यूटेन-पेंटेनसारख्या हलक्या घटकांची असते आणि गार इंजिन पेट घेतं ते त्यांच्याच जोरावर. उभ्या गाडीचं पेट्रोल जळत असूनही सुरुवातीला पेट का घेत नाही, त्याचं कारण पुष्कळ वेळा हेच असतं.

५ जून, दुपार. पहिली गाडी: बाऊल

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास.

टाकीतलं १५ लिटर पेट्रोल सहा महिने तग धरतं. फ्लोट बाऊलमधलं ५० मिली धरत नाही. बाऊल बारीक नळीने थेट हवेला उघडा असतो, त्याला झाकण असं नसतंच. पेट्रोल उडून जातं आणि त्यात विरघळलेलं जे काही जड असतं ते तळाला आणि जेटांच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी नळ्यांच्या) भोकांत राहतं. पायलट जेट, म्हणजे आयडलला (थ्रॉटल न देता मंद चालताना) पेट्रोल देणारा जेट, त्याचं भोक साधारण ०.४ मिमीचं, त्याला बुजायला कितीसं लागणार?

आणि कॉक चालू राहिला तर आणखी वाईट. बाऊलमधली पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, नीडल उघडते, टाकीतून पुन्हा पेट्रोल येतं. पुन्हा उडतं, पुन्हा येतं. मग मागे राहतो तो एका बाऊलचा चिकटा नसतो, तर पुन्हा पुन्हा भरलेल्या कित्येक बाऊलांचा असतो. टाकी भरलेली ठेवायची आणि बाऊल रिकामा, हे दोन उलटे नियम याच एका कारणातून येतात: उघड्या हवेला पेट्रोल जितकं कमी लागेल तितकं बरं.

केलेलं काम:

इंजिन मोकळ्या जागेत १५ मिनिटं चालवलं. बाऊल ५० मिली, नळी आणि फिल्टर मिळून ३० मिली. आयडलला तासाला ०.४ लिटर धरलं तर १५ मिनिटांत १०० मिली जळतं आणि स्टॅबिलायझर असलेलं पेट्रोल जेटपर्यंत पोचतं. पाच मिनिटं चालवून बंद केलं असतं तर मार्गिकांमध्ये जुनंच पेट्रोल उरलं असतं. बाऊल नंतर रिकामा करायचाच आहे, पण बारीक मार्गिका कधीच पूर्ण कोरड्या होत नाहीत. तिथे जे ओल राहील ते स्टॅबिलायझर असलेलं असावं.

मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. थांबू नये. मेन जेटला पेट्रोल मिळेनासं झालं की इंजिन बंद पडतं, पण जेटच्या खाली तळाला पेट्रोल उरतंच. इंजिन थंड झाल्यावर ओव्हरफ्लो नळीखाली काचेची बाटली धरून बाऊलचा ड्रेन स्क्रू दीड आटा सैल केला. १४ मिली निघालं. तळाला मोहरीएवढे दोन गंजाचे कण. स्क्रू परत लावताना फक्त मनगटाचा जोर. बाऊल मऊ मिश्रधातूचा असतो, आटे गेले की बाऊलच बदलावा लागतो.

पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेल्या टू-स्ट्रोक गाडीला कॉक बंद करून इंजिन कोरडं पाडू नये. त्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, शेवटचे काही सेकंद ते कमी पेट्रोलवर आणि कमी वंगणावर फिरतं. तिथे थेट ड्रेन स्क्रूनेच रिकामं करावं. काही कॉक इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतात, त्यांना बंद अशी खूणच नसते. इंजिन थांबलं की ते बंद होतात, पण आतला पडदा जुना असेल तर झिरपतात. अशा गाडीत नळीला चिमटा लावणं जास्त खात्रीचं.

६ जून. दुसरी गाडी

इथे बाऊलच नाही, म्हणून काम निम्मं. १२ लिटरला ३० मिली स्टॅबिलायझर, त्याच क्रमाने, मग १५ मिनिटं इंजिन. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बंद नळी, आत पंपाचा दाब, हवेचा संबंध नाही. त्यामुळे तिथलं पेट्रोल लवकर उडत नाही.

टाकी रिकामी करून ठेवण्याचा सल्ला जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. इंजेक्शनच्या गाडीत तो नुकसान करतो. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला राहावा अशीच त्याची रचना असते. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगण देतं. टाकी रिकामी ठेवली तर पंपाची जाळी आणि आतला भाग दमट हवेत महिनोन् महिने उघडा पडतो.

भरताना तोंडातल्या पट्टीच्या वर पेट्रोल जाऊ दिलं नाही. या गाडीला वाफ शोषणारा कोळशाचा डबा आहे. टाकी काठोकाठ भरली की वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात उतरतं, कोळसा भिजतो, आणि मग चालू करताना इंजिनाला नको तितकं पेट्रोल जातं. इंजेक्टर खराब आहे असं समजून लोक तिथे शोधत बसतात.

दोन्ही बॅटऱ्या काढून आत नेल्या. १२.७ आणि १२.६ व्होल्ट.

७ जून. बरण्या आणि सुटा कार्ब्युरेटर

तुलनेसाठी गडद काचेच्या, धातूच्या झाकणाच्या दोन बरण्या, बाहेरच्या पत्र्याच्या कपाटात. पहिली ९५ टक्के भरलेली, स्टॅबिलायझरसह. दुसरी अर्धी, स्टॅबिलायझरशिवाय, दर आठवड्याला एकदा झाकण उघडून बंद करायची. याशिवाय एक उघडी काचेची बशी, तीत ५० मिली.

सुटा कार्ब्युरेटर स्टँडवर समतल बसवला, बाऊल भरला. दर महिन्याला पुन्हा भरायचा: चालू राहिलेल्या कॉकची नक्कल.

हे सगळं घराबाहेर, सावलीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पेटते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ तयार होते. हातात नायट्राइलचे मोजे.

१२ जून

बशी कोरडी. तळाला पातळ पिवळसर थर, बोट लावलं की किंचित चिकटणारा. नखाने खरवडला तर वळवटासारखा गोळा होतो. नवीन पेट्रोलने पुसला तर जातो. हे लक्षात ठेवायचं: ताजा चिकटा पेट्रोलमध्ये विरघळतो, जुना नाही.

७ जुलै

सुट्या कार्ब्युरेटरचा बाऊल जवळपास रिकामा. दुसऱ्यांदा भरला. पहिल्या गाडीच्या कॉकच्या तोंडाशी फडकं लावून पाहिलं, ओल नाही. दोन्ही टाक्यांची पातळी जशीच्या तशी.

९ ऑगस्ट. इंजिन अधूनमधून चालू करावं का

आठवड्याला पाच मिनिटं चालू करायची, असं सगळीकडे सांगितलं जातं. या प्रकल्पात ते केलं नाही, कारणं लिहून ठेवणं गरजेचं आहे.

एक, टाकीतलं पेट्रोल त्याने बदलत नाही. १५ लिटरमधलं ३०-३५ मिली जळतं, बाकीचं तसंच जुनं होत राहतं. दोन, रिकामा केलेला बाऊल पुन्हा भरतो, म्हणजे दर वेळी ड्रेन करणं आलं, आणि ते कुणी करत नाही. तीन, १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर ती वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर आणि क्रँककेस तेवढे तापत नाहीत. वाफेचं आतच पाणी होतं, ऑइलमध्ये मिसळतं, सायलेन्सर आतून गंजतो.

चालवायचीच असेल तर रस्त्यावर १५-२० किलोमीटर, ऑइल पुरतं गरम होईपर्यंत. नाहीतर हात लावू नये.

६ सप्टेंबर. तीन महिने

भरलेली बरणी: रंग ठेवला तेव्हासारखा, फिका पिवळा, नितळ. वास तीक्ष्ण आणि ताजा.

अर्धी बरणी: गडद, पातळ चहासारखी. वास बदललाय, पेट्रोलचा झणका गेला आणि जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास आला. पांढऱ्या कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकला. पहिला वाळून डाग न ठेवता गेला, दुसऱ्याने पिवळी कड सोडली. गाडीपाशी उभं राहून पेट्रोल पारखायला ही साधी चाचणी पुरेशी आहे.

पाण्याचा प्रयोगही आज केला. बुचाच्या मापननळीत १०० मिली ताजं ई१० पेट्रोल, त्यात सिरिंजने ०.१ मिली पाणी, हलवायचं, पाहायचं, परत ०.१. पहिल्या चार वेळा पाणी पूर्ण विरघळलं, पेट्रोल नितळच. पाचव्याला, म्हणजे ०.५ मिलीच्या आसपास, धुकं धरल्यासारखं झालं. मग मापननळी बर्फाच्या पाण्यात ठेवली. काही मिनिटांत धुकं दाट झालं, बारीक थेंब काचेवरून घसरत तळाला जमले आणि खाली स्पष्ट वेगळा थर दिसला.

यातून दोन गोष्टी. लिटरमागे ५ मिलीपर्यंत पाणी ई१० पोटात घेतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. आणि पेट्रोल गार झालं की ही क्षमता घटते, त्यामुळे दिवसा नितळ दिसणाऱ्या टाकीत रात्रीतून थर फुटू शकतो. खाली बसतं ते नुसतं पाणी नसतं, इथेनॉलही त्याच्याबरोबर उतरतं. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, खालचा थर पत्र्याला आणि पितळेला खातो. एकदा थर फुटला की हलवून, ताजं पेट्रोल घालून किंवा स्टॅबिलायझर ओतून तो नीट होत नाही. सगळं काढून टाकावं लागतं. ई२० मध्ये पाणी पोटात घेण्याची ताकद जास्त असते, पण तळाला बसला की थरही जाडच बसतो.

१० ऑक्टोबर

बाऊल पाचव्यांदा भरला. बॅटऱ्या १२.४ आणि १२.५, दोन्ही चार्ज केल्या.

५ डिसेंबर. दोन्ही गाड्या उघडल्या

पहिली गाडी. चालू करण्याआधी टाकीच्या तळाचा नमुना. कॉक रिझर्व्हवर ठेवून १०० मिली काचेच्या बाटलीत घेतलं. ऑनच्या खुणेवर पेट्रोल उंच नळीतून येतं, तळाचं दीड-दोन लिटर ती उचलतच नाही. पाणी तळालाच बसतं. ऑनवर घेतलेला नमुना स्वच्छ निघाला म्हणून टाकी स्वच्छ असं समजू नये. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवली: थर नाही, धुकं नाही, गंजाचे चार-पाच कण. रंग किंचित गडद, वास ठीक. कागदावर डाग नाही.

बॅटरी बसवली. ड्रेन स्क्रू लावलेला आहे याची खात्री केली, कॉक ऑन, एक मिनिट थांबलो. बाऊल भरायला एवढा वेळ लागतोच, त्याआधी किका मारून नुसते पाय दुखतात. ओव्हरफ्लोतून काही नाही, पण बाऊलच्या सांध्यावर पाझर दिसला. रिकाम्या बाऊलचा हा एक तोटा आहे: गॅस्केट कोरडं पडून आकसतं. कॉक बंद करून वीस मिनिटं थांबलो. गॅस्केट पेट्रोल पिऊन फुगलं, पुन्हा कॉक ऑन केल्यावर पाझर नाही. थांबला नसता तर गॅस्केट बदललं असतं. सहा महिन्यांच्या रिकामेपणाची ही किंमत परवडते, पण दोन-तीन वर्षांसाठी ठेवायची असेल तर गॅस्केट आणि ओ-रिंग आधीच आणून ठेवाव्यात.

चोक पूर्ण ओढून तिसऱ्या किकेला चालू. दोन मिनिटांनी चोक बंद केला, आयडल टिकली. चोक काढला की बंद पडते, हे पायलट जेट बुजल्याचं ठरलेलं लक्षण. ते इथे नव्हतं.

दुसरी गाडी. किल्ली ऑन, पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण संपू दिली, किल्ली बंद. असं तीनदा, नळीत दाब येण्यासाठी. चौथ्यांदा सेल्फ मारला, लगेच चालू.

६ डिसेंबर. सुटा कार्ब्युरेटर उघडला

बाऊलचे चार स्क्रू निघाले, बाऊल नाही. रबरी हातोडीने बाजूने हलके टोले दिल्यावर सुटला. आतून मधाच्या रंगाचा कडक थर, पातळीच्या रेषेवर सगळ्यात जाड. मेन जेटवर हिरवट कीट, बाऊलच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी: पाणी आणि इथेनॉलने अनुक्रमे पितळेवर आणि मिश्रधातूवर केलेलं काम. फ्लोट नीडल सीटला चिकटलेली. गाडीवर असती तर एक तर पेट्रोल आलंच नसतं, नाहीतर नीडल उघडी अडकून ओव्हरफ्लोतून वाहत राहिलं असतं.

पायलट जेट काढून उजेडासमोर धरला. निरोगी जेटमधून सुईच्या टोकाएवढा स्वच्छ गोल प्रकाशबिंदू दिसतो. इथे काहीच नाही.

सफाई अशी. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजलं: पावणेदोन. तेवढाच परत सैल करायचा आहे. स्क्रूबरोबर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग याच क्रमाने बाहेर येतात, वॉशर आणि ओ-रिंग बरेचदा भोकातच चिकटून राहतात आणि स्प्रेबरोबर उडून हरवतात. रबरी भाग सगळे बाजूला, कारण कार्ब क्लीनर त्यांना फुगवतो. जेट आणि बाऊल अर्धा तास क्लीनरमध्ये. बाऊलचा थर ब्रशने निघाला. पायलट जेट निघाला नाही.

मग मऊ वायरमधली तांब्याची एकच तार, साधारण ०.२ मिमीची, बोटांत सरळ करून जेटमध्ये घातली. अर्ध्यावर अडली, क्लीनरचा थेंब टाकला, फिरवत पुढे सरकवली. तपकिरी पीठ बाहेर आलं आणि बिंदू दिसला, पण अंडाकृती. म्हणजे एका बाजूला अजून चिकटा आहे. परत भिजवला, परत तार, मग दाबाची हवा दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या खेपेला गोल बिंदू. स्टीलची सुई किंवा ड्रिल इथे कधीही घालू नये. ०.४० मिमीचं भोक ०.४२ झालं तरी क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं, आणि मग आयडलचं मिश्रण कशानेच जुळत नाही.

बॉडीतल्या मार्गिका एकेक करून: एका तोंडातून स्प्रे, दुसऱ्या तोंडातून धार यायला हवी. पायलटच्या मार्गिकेची थ्रॉटलजवळची तीन बारीक भोकं हमखास विसरली जातात. त्यातलं मधलं बुजलेलं होतं.

एकूण वेळ तीन तास दहा मिनिटं. पहिल्या गाडीचा ड्रेन स्क्रू सैल करून परत लावायला दोन मिनिटं लागली होती.

७ डिसेंबर. उरलेलं पेट्रोल

अर्ध्या बरणीतलं आंबूस पेट्रोल, पाणीमिश्रित नमुने आणि वापरलेला क्लीनर झाकणाच्या धातूच्या डब्यात, वर नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे देण्यासाठी. गटारात किंवा मातीत काहीही नाही. जूनमध्ये काढलेलं ३ लिटर जुनं पेट्रोल नितळ होतं, थर नव्हता, तरी ते मोटरसायकलीत घातलं नाही. तेही याच खेपेत दिलं.

दोन्ही गाड्या ३० किलोमीटर चालवल्या. पहिली अर्ध्या थ्रॉटलवर एकदा किंचित अडखळली, नंतर नाही. स्पार्क प्लग काढून पाहिला: फिका तपकिरी, कोरडा. टाकी एक तृतीयांश उतरल्यावर वर ताजं पेट्रोल घालायचं आहे, तोवर फुल थ्रॉटल टाळायचा. इनलाइन फिल्टर गंजाच्या कणांमुळे बदलला.

टाकीच्या छतावरची तांबूस झाक जूनमध्ये होती तेवढीच आहे.